पोच कुणी ठेवायची?

मोठ्या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र राबणाऱ्या शेकडो यंत्रांवर, नेटवर्क फाइलसिस्टीम (एनएफएस, म्हणजे दूरच्या सर्व्हरवरच्या फाइली आपल्याच यंत्रावर असल्यासारख्या वापरायची सोय) जोडताना माउंटच्या, म्हणजे जोडणीच्या, ओळीत एक पर्याय असतो: वाहतूक टीसीपीवरून करायची, जिथे पाठवलेल्याची पोच घेतली जाते, की यूडीपीवरून, जिथे नुसतं पाठवून दिलं जातं. बरेच जण तो लिहीतच नाहीत. यंत्र आपल्या मर्जीने जे ठरवील ते चालवून घेतात. मला मात्र त्या ओळीतला हाच शब्द सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तो वेगाचा आकडा बघून ठरवू नये असं माझं ठाम मत आहे. हजार-दोन हजार यंत्रं एकाच वेळी एकाच सर्व्हरवर लिहायला लागली की वाटेत काही ना काही हरवणारच. हरवलं हे कुणाच्या ध्यानात राहणार, पुन्हा पाठवायचं कुणी, आणि पुन्हा आलेलं खरंच तेच आहे याची खात्री कुणी करायची, हे सगळं त्या एका शब्दावर ठरतं.

मी पुण्यात बरीच वर्षं हवामान आणि समुद्राची मॉडेलं चालवणारी क्लस्टर्स सांभाळली. आता देवगडला घरी राहून तेच काम दुरून करते. इथे पावसाळ्यात वीज जाते, रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटतं, आणि जोडलेलं टर्मिनल मध्येच गप्प होतं. गप्प झालेलं टर्मिनल मला त्रास देत नाही. जे बंद पडलंय ते दिसतं, त्याची वाट बघता येते. माझी झोप उडवली होती ती चालू असलेल्या, हिरवे दिवे दाखवणाऱ्या, वेळेवर काम संपवणाऱ्या एका यंत्रणेने. त्याबद्दल पुढे सांगते.

या किनाऱ्यावर मॉडेलच्या आकड्यांचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या संस्थेकडून लाटांचा आणि वाऱ्याचा अंदाज येतो, मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे त्या पट्ट्यांची माहिती येते, हवामान खात्याचा इशारा येतो. बंदरावर ते मोबाइलमध्ये वाचलं जातं आणि त्यावर डिझेल भरायचं की नाही ते ठरतं. मे २०२१मध्ये तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला घासून वर गुजरातकडे गेलं, तेव्हा आमच्याकडे कितीतरी दिवस वीज नव्हती. त्या काळोखात शेजारचे तात्या ओटीवर येऊन बसायचे. त्यांची आंब्याची बाग आहे आणि एका ट्रॉलरमध्ये भागी. एकदा त्यांनी विचारलं, "तुमचो तो कम्प्युटर वाऱ्याचा सांगता, ता खंय लिवन ठेवता?" मी सांगितलं की एक कम्प्युटर नसतो, शेकडो असतात. समुद्राचे चौकोन पाडून प्रत्येकाला काही वाटून दिलेले असतात, आणि सगळे आपापलं उत्तर एका सामायिक जागी लिहितात. तात्या जरा थांबले आणि म्हणाले, "मगे गो, लिवताना चूक झाली तर ता तेका कळता काय?"

इतका नेमका प्रश्न मला कुठल्याच निविदेच्या बैठकीत कुणी विचारलेला नाही. तिथे विचारतात ते दर सेकंदाला किती गिगाबाइट.

यूडीपी मुळात का निवडलं गेलं हे आधी सांगायला हवं, कारण ती निवड चुकीची नव्हती. यूडीपीची व्याख्या जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८०मध्ये लिहिली. ती तीन पानांत संपते. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९८१मध्ये, टीसीपीची आली ती पंच्याऐंशी पानांची. तीन पानांच्या प्रोटोकॉलमध्ये पोच नाही, क्रम नाही, जोडणी नाही. पाठवलं, गेलं. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८०च्या दशकाच्या मध्यावर एनएफएस आणलं तेव्हा त्यांच्यासमोर एका इमारतीतली काही वर्कस्टेशनं आणि एक इथरनेट होतं. टीसीपी चालवायला प्रोसेसरचा जो वेळ खर्च व्हायचा तो त्या यंत्रांना जड होता.

आणि त्यांची रचना सुंदर होती. सर्व्हरने काहीच लक्षात ठेवायचं नाही. प्रत्येक विनंती स्वयंपूर्ण: कुठली फाइल, कुठल्या बाइटपासून, किती बाइट. सर्व्हर मध्येच कोसळला आणि पुन्हा उठला तर क्लायंटला, म्हणजे मागणी करणाऱ्या यंत्राला, नवी ओळख करून द्यावी लागत नाही. तो तीच विनंती परत परत पाठवत राहतो आणि कधीतरी उत्तर येतं. आठवण ठेवायची ती फक्त क्लायंटने. एकच ओळ दहा वेळा त्याच जागी लिहिली तरी फाइल तीच राहते, त्यामुळे दुबार आलेल्या विनंतीने बिघडत काहीच नाही. सर्व्हर इतका साधा ठेवण्याची ही हिंमत मला आजही भावते.

दुबार आल्याने बिघडतं अशीही कामं असतात. फाइल पुसणं हे त्यातलंच. क्लायंटने 'पूस' म्हटलं, सर्व्हरने पुसली, उत्तर वाटेत हरवलं. क्लायंटने पुन्हा 'पूस' म्हटलं, आता सर्व्हर म्हणतो अशी फाइलच नाही. काम झालेलं असूनही प्रोग्रामला चूक कळवली जाते. यावर चेट जुश्चाक यांनी १९८९मध्ये उपाय मांडला: सर्व्हरने नुकत्याच उरकलेल्या विनंत्यांची एक छोटी वही ठेवायची आणि दुबार विनंती आली तर त्या वहीतून जुनंच उत्तर द्यायचं. म्हणजे काहीच न आठवणाऱ्या सर्व्हरला थोडं आठवावं लागलंच. लिनक्सच्या जुन्या सर्व्हरमध्ये या वहीत १०२४ नोंदी मावत. पन्नास यंत्रांना त्या पुष्कळ होतात. दोन हजार यंत्रं एकदम बोलायला लागली की एखादी दुबार विनंती येईपर्यंत तिची नोंद कधीच पुसली गेलेली असते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता तुकड्यांचा प्रश्न. खरी गोम इथे आहे.

इथरनेटच्या एका फ्रेममध्ये, म्हणजे वायरीवरून एका खेपेत जाणाऱ्या पाकिटात, साधारणपणे १५०० बाइट मावतात. त्यातले २० आयपीच्या (पत्ता बघून पाकीट पोचवणाऱ्या थराच्या) हेडरला गेले की उरतात १४८०. एनएफएसची लिहिण्याची विनंती ८ केबीची असली तर यूडीपी ती एकाच डेटाग्राममध्ये, म्हणजे एकाच मोठ्या पाकिटात, खाली सोडतं आणि आयपीचा थर तिचे सहा तुकडे करतो. ३२ केबीची असली तर तेवीस. त्यातला एक तुकडा हरवला तर त्या एकासाठी विचारण्याची सोय कुठेही नाही, सगळाच डेटाग्राम वाया जातो. हजारात एक फ्रेम हरवते असं धरलं तर ३२ केबीच्या शंभर विनंत्यांपैकी दोनाहून जास्त फुकट जातात, आणि प्रत्येक वेळी तेवीसच्या तेवीस तुकडे पुन्हा त्याच गर्दीत शिरतात. स्विचचे बफर, म्हणजे पाकिटं तात्पुरती ठेवायची जागा, भरलेले असतात म्हणूनच तर तुकडा हरवलेला असतो. त्यात ही भर.

तरीही इथवर फक्त वेळ जातोय. पुढचं तात्यांना मी आंब्याच्या हिशेबात सांगितलं होतं, तसंच इथे सांगते. समजा वाशीला एका व्यापाऱ्याचा माल सहा पेट्यांत पाठवलाय. सहाही पेट्यांवर एकच नंबर, आणि पहिली, दुसरी, तिसरी अशी खूण. गाळ्यावर नियम असा की सहाच्या सहा आल्याशिवाय माल उघडायचा नाही. चौथी पेटी वाटेत राहिली तर पाच पेट्या गाळ्यावर तशाच पडून राहतात. पण नंबराचं पुस्तक ठरावीक पानांचं असतं, संपलं की पुन्हा एकपासून सुरुवात. हंगाम जोरात असला की पुस्तक इतक्या लवकर संपतं की त्या पाच पेट्या अजून पडलेल्याच असतात आणि त्याच नंबराचा दुसऱ्या बागेतला माल येऊन ठेपतो. त्यातली चौथी पेटी गाळेवाला आधीच्या पाचांत नेऊन लावतो. सहा झाल्या. वजन करतो, वजन जमलं तर माल गिऱ्हाइकाकडे रवाना.

आयपीच्या हेडरमधला तो नंबर सोळा बिटांचा आहे. म्हणजे ६५,५३६ नंबर झाले की पुन्हा पहिल्यापासून. ८ केबीचा एक डेटाग्राम असे ६५,५३६ डेटाग्राम म्हणजे अर्धा जीबी. एका सर्व्हर-क्लायंट जोडीत गिगाबिट इथरनेट पूर्ण वेगाने वाहत असेल तर तेवढं चार-पाच सेकंदांत जातं. ३२ केबीचे असतील तर सतरा-अठरा सेकंदांत. आणि अर्धवट आलेले तुकडे लिनक्स किती वेळ सांभाळून ठेवतो? तीस सेकंद. १९८५च्या १० मेगाबिटच्या इथरनेटवर ८ केबीच्या डेटाग्रामांचं पुस्तक संपायला सात मिनिटं लागली असती, त्यामुळे हा धोका कुणाच्या मनातही आला नसणार. वेग शंभरपट झाला आणि पुस्तक तेवढंच राहिलं. हा धोका आरएफसी ४९६३ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात २००७ साली रीतसर मांडला गेला, आणि लिनक्सच्या एनएफएसच्या मॅन्युअल पानातही त्याचा स्पष्ट इशारा आहे.

उरतं ते वजन, म्हणजे यूडीपीचा चेकसम. तोही सोळा बिटांचा. भलतेसलते आकडे मिसळले तरी ६५,५३६ वेळांत एकदा तो 'बरोबर' म्हणणार. शिवाय ती शेवटी बेरीज आहे, सोळा-सोळा बिटांच्या गटांची जागा बदलली तरी उत्तर तेच येतं. आणि समुद्राचे आकडे भलतेसलते नसतात. जमिनीच्या चौकोनांत एकच ठरलेला आकडा शेकडो वेळा भरलेला असतो, शेजारच्या चौकोनांचे आकडे एकमेकांना लागून असतात. अशा डेटात बेरीज जमून जाण्याची शक्यता वाढते.

झोप उडवणारी यंत्रणा ती हीच. संस्थेचं नाव सांगत नाही. क्लस्टर यूडीपीवर जोडलेलं होतं आणि त्याच्या वेगाचं कौतुकही होत होतं. अरबी समुद्राच्या पृष्ठभागाच्या तापमानाची एक फाइल एका संशोधक बाईंनी मला दाखवली. सगळीकडे अठ्ठावीसच्या आसपास आकडे, आणि मध्येच एक पट्टा पस्तीस-छत्तीसचा. समुद्र पस्तीस अंशांपर्यंत तापत नाही असं नाही म्हणता येणार, पर्शियन आखातात तापतो. पण रत्नागिरीसमोरच्या खोल पाण्यात एवढ्या धारदार कडांचा पट्टा तापत नाही. पस्तीस-छत्तीस हा अरबी समुद्राच्या क्षारतेचा आकडा. तापमानाच्या फाइलीत क्षारता शिरली होती.

मॉडेलच्या कोडवर संशय घेणं स्वाभाविक होतं आणि तो घेतला गेला. पण मॉडेल पुन्हा चालवलं की पट्टा गायब. मग आम्ही पट्ट्याची लांबी मोजली. तीनशे सत्तर आकडे. एक आकडा चार बाइटचा. तीनशे सत्तर गुणिले चार, एक हजार चारशे ऐंशी. १५०० वजा २०. तो उत्तराचा क्षण होता आणि मला त्यात जराही आनंद झाला नाही. इथरनेटच्या एका फ्रेमच्या मापाचा तुकडा समुद्राच्या नकाशात येऊन बसला होता.

घडलं असणार ते असं. तापमानाची विनंती निघाली, तिचा एक तुकडा हरवला. थोड्याच वेळात क्लायंटने नवा नंबर टाकून ती पुन्हा पाठवली, सर्व्हरने बरोबर लिहिली, सगळं ठीक. पण पहिल्या खेपेचे पाच तुकडे अजून सर्व्हरच्या मेमरीत पडूनच होते. तेच यंत्र आता क्षारता लिहायला लागलं होतं. नंबर फिरून तिथेच आला, क्षारतेचा एक तुकडा त्या पाचांत जाऊन बसला आणि चेकसमची बेरीज जमली. सर्व्हरला ती तापमानाची दुबार विनंती वाटली असती तर त्याने सोडून दिली असती, पण त्या १०२४ नोंदींच्या वहीतून तिची नोंद एव्हाना गेली होती. म्हणून त्याने ती नव्याने अमलात आणली, आधीच बरोबर लिहिलेल्या जागेवर. लिहिल्यावर लगेच फाइल तपासली असती तर ती बिनचूक निघाली असती. बिघडली ती नंतर काही सेकंदांनी, आणि कुठल्याही लॉगमध्ये एक ओळसुद्धा उमटली नाही.

म्हणून तात्यांना मी खरं उत्तर दिलं: नाही, नेहमी कळतंच असं नाही.

यूडीपीच्या बाजूनेही चांगली माणसं बोलतात आणि त्यांचे मुद्दे पोकळ नसतात. एक म्हणजे जम्बो फ्रेम. फ्रेम ९००० बाइटची केली तर ८ केबीची विनंती एकाच फ्रेममध्ये मावते, तुकडेच होत नाहीत. खरं आहे, पण वाटेतला प्रत्येक स्विच आणि प्रत्येक कार्ड ९०००वर असायला हवं, आणि ३२ केबीचे चार तुकडे तरीही होतातच. दुसरं, पुढे लिनक्सने असा एक बंदोबस्त केला की त्याच पत्त्यावरून मध्ये फार तुकडे येऊन गेले तर जुने अर्धवट तुकडे टाकून द्यायचे. त्याने धोका पुष्कळ कमी होतो. धोका कमी झाला म्हणून मी तो पत्करायला तयार नाही, कारण त्याचा फटका बसला तर कळणार नाही.

त्यांचा खरा वजनदार मुद्दा वेगळाच आहे, आणि त्याला उत्तर द्यायला मला काही वर्षं लागली. तो असा: टीसीपी मोठ्या क्लस्टरला झेपत नाही. टीसीपीत प्रत्येक क्लायंटशी एक जोडणी, आणि प्रत्येक जोडणीचं सर्व्हरच्या मेमरीत स्वतंत्र खातं. कुठपर्यंत पाठवलं, कुठपर्यंत पोच आली, काय अजून वाटेत आहे. दोन हजार यंत्रं आणि प्रत्येकी १ एमबीचा बफर धरला तर नुसत्या खात्यांनाच २ जीबी. वीस वर्षांपूर्वीच्या सर्व्हरला ते जड होतं. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की दोन हजारही एकाच क्षणी जोडणी मागतात. क्लायंटच्या बाजूला आणखी एक अडचण: जुन्या सुरक्षेच्या रीतीप्रमाणे एनएफएस १०२४च्या खालचा पोर्ट क्रमांक वापरतं, लिनक्समध्ये ६६५ ते १०२३, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास. बऱ्याच सर्व्हरांवरचे माउंट एका यंत्रावर जोडले-सोडले की ते संपतात.

आणि एक गोष्ट अशी आहे की तिच्यामुळे कितीतरी जणांनी टीसीपीवर विनाकारण ठपका ठेवला. लिनक्सच्या एनएफएस सर्व्हरमध्ये वर्षानुवर्षं एक मर्यादा होती: थ्रेडच्या, म्हणजे एकाच वेळी विनंत्या उरकणाऱ्या धाग्यांच्या, संख्येत तीन मिळवा आणि वीसने गुणा, तेवढ्याच जोडण्या चालतील, पुढची आली की सर्वांत जुनी तोडायची. आणि थ्रेड किती, तर कुणी बदललं नसेल तर आठ. म्हणजे अकरा गुणिले वीस, दोनशे वीस. क्लस्टर दोनशे यंत्रांचं असेपर्यंत सगळं सुरळीत. तीनशेचं केलं की जोडण्या तुटायला लागतात, क्लायंट पुन्हा जोडतात, त्यामुळे दुसऱ्या कुणाची तुटते, त्याने पुन्हा जोडायचं. लॉगमध्ये सर्व्हर स्वच्छ सांगत असतो की थ्रेड वाढवा. ते न वाचता लोक यूडीपीवर गेले, तिथे जोडणीच नसल्याने त्रास थांबला, आणि 'मोठ्या क्लस्टरला यूडीपीच हवं' हा समज पक्का झाला. कॉन्फिगरेशनमधला एक आकडा बदलायचा होता.

टीसीपीचा एक त्रास मात्र खरोखर टीसीपीचाच आहे. एक क्लायंट फाइलीचे तुकडे अनेक सर्व्हरांकडून एकदम मागतो, तेव्हा सगळ्यांची उत्तरं एकाच वेळी स्विचच्या एकाच पोर्टवर येऊन आदळतात. बफर भरतो, काहींचं शेवटचं पॅकेट पडतं. शेवटचंच पडलं असेल तर त्यामागून काही येत नाही, त्यामुळे हरवल्याचा सुगावा लागायला टायमर संपायची वाट बघावी लागते. लिनक्समध्ये तो कमीत कमी २०० मिलिसेकंद. जो डेटा एका मिलिसेकंदात गेला असता त्यासाठी दोनशे मिलिसेकंद वायर रिकामी. याला इनकास्ट म्हणतात. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८-०९च्या सुमारास दाखवलं की टायमर मायक्रोसेकंदांच्या मापाचा केला तर हा त्रास बराचसा आटोक्यात येतो.

पण हा त्रास कसा दिसतो बघा. वेग कोसळतो, आलेख खाली येतो, वापरणारे फोन करतात. फाइल मात्र बरोबर असते. गर्दीत मागे सरायचं शहाणपण टीसीपीला सुरुवातीपासून नव्हतं, तेही असंच डोळ्यांसमोर कोसळल्यावर आलं. ऑक्टोबर १९८६मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यामधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. दोन्ही ठिकाणांत चारशे यार्डांचं अंतर. त्या घसरणीमागे व्हॅन जेकबसन लागले, आणि १९८८ साली त्यांनी मांडलेले गर्दी ओळखून वेग कमी करण्याचे नियम आजही प्रत्येक फोनमध्ये चालू आहेत. आकडा कोसळलेला दिसला म्हणून दुरुस्ती झाली.

एनएफएस टीसीपीवर नेण्याचं काम त्यानंतर फार लांबलं नाही. रिक मॅकलेम यांनी कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात ते बीएसडी युनिक्ससाठी १९९०च्या सुमारास करून दाखवलं होतं. सर्वत्र रुळायला मात्र वेळ लागला. चौथ्या आवृत्तीने गर्दी ओळखणारी वाहतूक सक्तीची केली, म्हणजे व्यवहारात टीसीपी. २०१०च्या ४.१ आवृत्तीत सत्र आलं, आणि ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. प्रत्येक क्लायंटला सर्व्हर काही ठरावीक खण देतो, त्या खणातलं शेवटचं उत्तर क्लायंट पुढे सरकेपर्यंत जपून ठेवतो. १०२४ नोंदींच्या सामायिक वहीत कुणाची नोंद कुणामुळे पुसली जाईल याचा नेम नव्हता. इथे ज्याचा खण त्याचाच. पाठवणाऱ्याने किती आठवायचं आणि घेणाऱ्याने किती, याची वाटणी अखेर नीट लिहिली गेली. २०२०च्या आसपासपासून लिनक्सच्या क्लायंटमध्ये एनएफएससाठीचं यूडीपी मुळातच बंद ठेवलेलं असतं.

इथरनेटऐवजी इन्फिनिबँड हे महागडं जलद नेटवर्क असेल तर एनएफएस आरडीएमएवरून, म्हणजे थेट मेमरीतून मेमरीत, नेता येतं. तिथे पोच ठेवण्याचं काम कार्डातलं हार्डवेअर करतं. पैसे असतील तर जरूर करा. आमच्याकडच्या बहुतेक महाविद्यालयांत आणि छोट्या संस्थांत इथरनेटच असतं, म्हणून मी इथरनेटबद्दलच लिहिते आहे.

गेल्या हिवाळ्यात कणकवलीचा एक मुलगा, आता पुण्यात क्लस्टर उभारतोय, फोनवर म्हणाला, "ताई, यूडीपीवर बेंचमार्क जास्त येतोय. जुना कर्नल आहे, चालतंय. ठेवू का?"

"किती यंत्रांवर घेतलास?"

"चार. रात्री घेतला, कुणी नव्हतं."

"सगळी यंत्रं घे, दिवसा घे, आणि लिहिलेली प्रत्येक फाइल परत वाचून तिचा चेकसम मूळ डेटाशी ताडून बघ. लिहिल्या लिहिल्या नको, मिनिटभर जाऊ दे आणि मग ताड. त्यानंतर वेगाचा आकडा सांग."

त्याने तसं केलं. सगळी यंत्रं लागल्यावर यूडीपीचा वेग टीसीपीच्या खाली गेला, कारण दुबार पाठवण्यातच वायर भरून गेली. फाइली मात्र सगळ्या बरोबर निघाल्या. हे मी मुद्दाम सांगते. एका दिवसाच्या चाचणीत असली चूक सापडेलच असं नाही, आणि न सापडल्याने ती नाही असंही ठरत नाही. त्याने टीसीपी घेतलं ते वेगामुळे की माझ्या बोलण्यामुळे, मी विचारलं नाही.

टीसीपीने सगळं भागतं असा माझा दावा नाही. टीसीपीचा चेकसमही तोच सोळा बिटांचा. जोनाथन स्टोन आणि क्रेग पार्ट्रिज यांनी २००० साली खऱ्या नेटवर्कांवरची पॅकेट तपासली तेव्हा ११०० ते ३२,००० पॅकेटांत एक या प्रमाणात चेकसम चुकलेला सापडला, तोही अशा वायरींवर जिथे खालच्या थराची तपासणी आधीच पास झाली होती. बिघाड बहुतेक वायरवर नव्हे, तर यंत्रांच्या आणि राउटरांच्या मेमरीत किंवा सॉफ्टवेअरमध्ये होत होता. चेकसमलाही चकवून जाणारी पॅकेट एक कोटी साठ लाखांत एक ते हजार कोटीत एक असावीत असा त्यांचा अंदाज. एमआयटीत याहूनही आधी घडलेली एक गोष्ट सॉल्टझर, रीड आणि क्लार्क यांनी १९८४मध्ये नोंदवली आहे. एका गेटवेमध्ये दर दहा लाख बाइटला एखादी बाइटची जोडी उलटी होत होती. वायरीवर तपासणी होती म्हणून सगळे निर्धास्त, आणि बाइट उलटत होते ते गेटवेच्या पोटात. ऑपरेटिंग सिस्टीमच्या सोर्स फाइली बिघडल्या आणि अखेर माणसांना जुन्या छापील याद्या शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडावी लागली.

म्हणून मी आता समुद्राच्या आणि हवामानाच्या फाइलींत नेटसीडीएफ-४ या फाइलप्रकारातली चेकसमची सोय चालू करूनच देते. लिहिताना मॉडेल स्वतः प्रत्येक तुकड्याचा चेकसम फाइलीत ठेवतं, वाचणारा प्रोग्राम तो ताडतो, मधल्या वाटेवर काय काय घडलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. थोडा वेळ जातो. संशोधक कुरकुरतात, मी ऐकून घेते आणि ती चालूच ठेवते. वाहतुकीसाठी टीसीपी, एनएफएस ४.१ किंवा त्यापुढची आवृत्ती, सर्व्हरवर आठऐवजी १२८ थ्रेड, आणि क्लायंटवर पुन्हा पाठवलेल्या विनंत्यांचा आकडा रोज बघायचा. तो वाढला तर स्विच तपासायचा. मोठं लिहिणं चालू असताना एखाद्याची साधी फाइलींची यादी त्याच जोडणीत मागे अडकू नये म्हणून २०१९पासून लिनक्समध्ये एका माउंटला सोळापर्यंत जोडण्या देता येतात. मी चार देते. दोन हजार यंत्रांना सोळा-सोळा दिल्या तर सर्व्हरवर ३२ हजार खाती होतील, आणि तिथे तो मेमरीचा जुना आक्षेप पुन्हा खरा ठरेल. आठ देऊन बघायच्या आहेत, पण ते मे संपायच्या आत व्हायला हवं. जूनपासून पावसाची मॉडेलं रात्रंदिवस चालतात आणि सर्व्हर थांबवायला कुणी परवानगी देत नाही.